पिन नसलेली पट्टी

मंडळी, पिन नाही, गाठ नाही, अशा पट्टीवर तुमचा विश्वास बसतो का? आज माझा बसला नाही.

सकाळी आमच्या चिकलठाण्यात नळाला पाणी आलं. बादल्या उचलताना आईचं मनगट मुरगळलं. मेडिकलवाल्या काकांनी एक पट्टी दिली. म्हणाले, "ही कातडीला नाही, स्वतःलाच चिकटते. हलक्या हातानं गुंडाळ."

मला शंकाच आली. हलकी गुंडाळलेली पट्टी टिकणार कशी?

आईलाही पटेना. "वढ चांगली, सुटंल नायतर." मी ताणून गुंडाळली, वरून साडीची पिनही लावली.

तासाभरात तिची बोटं गार पडली. "मुरगळल्यावर व्हतंच तसं," आई म्हणाली. मला ते खरं वाटेना. तिचं नख दाबून सोडलं, तर पांढरं झालेलं नख लवकर गुलाबी होईना. घाबरून पट्टी सोडली, तेव्हा कुठं बोटांत ऊब आली.

मग पिनेशिवाय, सैलसर गुंडाळली. अजून जागची हललेली नाही.

तुम्ही पट्टी बांधल्यावर बोटं तपासता ना? मी तर सारखी आईचं नख दाबून बघतेय. आत्ताच ती ओरडली, "अगं, माझं नख काय दारावरची बेल हाय का?"