ढाल कुणाला, पेढे कुणाला

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर धूळ साचते तसे ते आपोआप साचतात. एक दिवस झाडलं नाही, की दुसऱ्या दिवशी बोटानं नाव लिहिता येतं! मैत्रिणी म्हणतात, "तू एवढी घाबरट, आणि तुझ्याच नशिबी एवढी करमणूक?" त्यांना काय सांगू! करमणूक त्यांची होते, छातीत माझ्या धडधडतं.

तर पौडजवळ चांदे गावच्या उतारावर आमची कॉलनी आहे. बांधली एका खासगी कंपनीनं, राहतात सगळी फौजी कुटुंबं. घरं सैन्यानं भाड्यानं घेतलेली, आणि नळ, वीज, लिफ्ट, चाव्या सगळं सांभाळायचं काम एका भागीदारी फर्मकडे. तिथंच मी नोकरीला. भागीदार दोन. एक सुभेदार साहेब, फौजेतून रिटायर्ड. "चहा आणा" म्हणाले तरी समोरचा माणूस सावधान उभा राहतो. दुसरे तात्या, चांद्याचे जुने शेतकरी. कॉलनीच्या निम्म्या जागेवर पूर्वी त्यांचा भात होता. सध्या दोघं कोर्टात आहेत. 'कॉलनी मी एकट्यानं चालवणार' ही दोघांचीही मागणी!

ऑफिसात मुलीही दोन. मी सुभेदार साहेबांकडची, शीतल तात्यांकडची. जो जिंकेल तो आपली मुलगी ठेवणार, दुसरी घरी जाणार. हे दोघांनीही स्पष्ट सांगितलंय. शीतलला काही वाटत नाही, तिला कुठंही नोकरी मिळेल. मी मात्र बी.कॉम. फर्स्ट क्लास असूनही प्रिंटर सुरू झाला तरी दचकते. हिंजवडीच्या इंटरव्ह्यूत काचेचं दार आपोआप उघडलं, तर मी "सॉरी" म्हणून परत फिरले होते. पौडच्या घरून जाता-येता येईल अशी ही एकच नोकरी. म्हणजे खटला त्या दोघांचा असला, तरी धडधड माझी आहे.

*

लोकांना वाटतं भांडण पैशावरून झालं. पैशावरून झालं असतं तर मिटलं तरी असतं!

झालं असं, की एका मेजर साहेबांची बदली झाली. फौजेत जाताना आठवण म्हणून काहीतरी देतात. मेजर साहेबांच्या मिसेसनी सुभेदार साहेबांना लाकडावर बसवलेली चकचकीत पितळी ढाल दिली आणि तात्यांना पेढ्यांचा बॉक्स. फोटो काढले, सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तात्याही हसले.

संध्याकाळी तात्यांनी घरी बॉक्स उघडला तर घरच्यांनी आधीच फस्त केलेला.

दुसऱ्या दिवशी तात्या ऑफिसात आले आणि भिंतीवरच्या ढालीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "व्हय साहेब, पाणी सोडायला पहाटं कोण येतं? मी येतो. लिफ्टमदी अडकलेल्या म्हाताऱ्याला कुणी वढून काढलं? मी काढलं. अन् ढाल तुमाला?"

सुभेदार साहेब म्हणाले, "तुम्हाला पेढे दिले ना!"

"पेढं संपत्यात!" तात्या गरजले. माझ्या हातातून स्टेपलर पडला.

पुढं वकिलाची नोटीस आली. त्यात बरंच काही होतं, पण एक मुद्दा मीच टाइप केलेल्या उत्तरात होता म्हणून पाठ आहे: सदर ढाल ही फर्मची मालमत्ता असून तिचे समान वाटप व्हावे, ही मागणी आम्हांस मान्य नाही!

*

मग ऑफिसची वाटणी झाली. खोली एकच, मधोमध लोखंडी कपाट. कपाटाचं दार आमच्या बाजूला, पंखा त्यांच्या बाजूला. तात्यांना फाइल हवी असली की शीतल येऊन माझ्याकडे मागते. मला घाम आला की मी कपाटाला वळसा घालून शीतलच्या पंख्याखाली जाऊन उभी राहते. तेवढ्यात तिचं निरीक्षण होतं.

शीतलचं काय आहे, तिला काहीच होत नाही! फोन वाजतो, ती तिसऱ्या रिंगला उचलते. कुणीतरी ओरडत असतं, ती शांतपणे नखं बघत म्हणते, "हं. हं. होल्ड करा." मी रिंग वाजायच्या आधीच फोनकडे बघत बसलेली असते आणि तरी वाजला की उडते. वर सुभेदार साहेबांची ऑर्डर, फोन उचलला की पहिला शब्द 'जय हिंद'.

सवय एवढी लागली, की एका रविवारी घरी मला बघायला जी मंडळी येणार होती त्यांचा फोन आला, आणि मी उभी राहून कडक आवाजात म्हणाले, "जय हिंद!"

पलीकडून मुलाच्या आई चाचरत म्हणाल्या, "अहो, आमचा मुलगा आयटीत आहे."

हा किस्सा मी शीतलला सांगितला. ती हसलीसुद्धा नाही. "मग पुढं काय झालं?" म्हणाली. पुढं काही झालं नाही, त्याच महिन्यात शीतलचा साखरपुडा झाला.

*

सुभेदार साहेबांचे वकील शिवाजीनगरचे. कोर्टात ते पुढं चालतात आणि मागं दोन ज्युनिअर फाइलींचे गठ्ठे घेऊन. तात्यांचे वकील पौडचे, हुशार माणूस, पण एकटे. पहिल्या तारखेहून परत आल्यावर तात्यांना जेवण गेलं नाही.

"त्याच्या वकिलाची फाइल वाहायला दोन माणसं," ते शीतलला सांगत होते, कपाटाच्या अलीकडे मला ऐकू येत होतं. "अन् आमचा वकील सोताची पिशवी सोताच धरतोय. जज काय म्हनल?"

पुढच्या तारखेला तात्यांनी आपले दोन चुलतभाऊ वकिलांच्या मागं चालवले. दोघांच्या डोक्यापर्यंत गठ्ठे. एवढे कागद आणायचे कुठून? घरात जे सापडलं ते लाल फडक्यात बांधलं.

आमचे वकील हबकले. त्यांनी लगेच उभं राहून मागणी केली, की समोरच्या बाजूनं आणलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती आम्हाला मिळाव्यात! तात्यांच्या वकिलांनी काय करावं? त्यांनी गठ्ठाच देऊन टाकला. सुभेदार साहेबांनी तो ऑफिसात आणला, चष्मा लावला आणि एकेक कागद वाचायला घेतला. जुनी वर्तमानपत्रं, खताच्या पिशव्यांची माहितीपत्रकं, मिक्सरचं गॅरंटी कार्ड. आणि तळाशी लग्नपत्रिकांची चळत.

साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, काहीतरी भयंकर पुरावा सापडला.

साहेब हळूच म्हणाले, "तात्यांच्या पुतण्याचं लग्न झालं. मला बोलावलंच नाही!"

*

फौजेत घर सोडायची एक रीत असते, मार्चिंग आउट. बदली झाली की घरातली प्रत्येक वस्तू तपासून घ्यायची, बल्बपासून पडद्याच्या दांडीपर्यंत, आणि मग कुलूप लावून चावी ताब्यात घ्यायची. पूर्वी हे दोघं मिळून करायचे. साहेब ओरडून वाचायचे, "पंखा!" तात्या वर बघून म्हणायचे, "हाय!" कॉलनीतली पोरं ऐकायला जमायची.

भांडणानंतर दोन्ही वकिलांनी आपापल्या माणसाच्या कानात सांगितलं, की ज्याचं कुलूप त्याचा ताबा. त्यामुळं एका हवालदारांच्या घराचं मार्चिंग आउट दोघांनी वेगवेगळं, पण एकाच वेळी केलं. साहेब बेडरूममध्ये, तात्या किचनमध्ये, मग उलट. शेवटी दोघं एकदम दाराकडे धावले. साहेबांनी वरच्या कडीला कुलूप घातलं, तात्यांनी खालच्या.

आणि आतून आवाज आला.

हवालदारांच्या मिसेस लोणच्याची बरणी विसरली म्हणून परत आत गेल्या होत्या! खिडकीला येऊन त्यांनी विचारलं, "भाईसाहब, मैं भी इन्वेंटरी में हूँ क्या?"

दोघांनी चाव्या काढल्या. पण आधी कुलूप काढणार कोण? जो आधी काढेल त्याचा ताबा गेला! "तुम्ही काढा." "तुमी काढा." बाहेर ट्रक हॉर्न देतोय, हवालदार घड्याळ बघताहेत. मी इकडून तिकडे पळत होते. हवालदारांना बोलावलं मी, पाणी आणलं मी, रडायलाही मलाच येत होतं.

शीतल चालत आली. चालत! तळमजल्याचं घर, ती मागच्या बाजूला गेली, बाल्कनीचं दार बाहेरून ढकललं. ते उघडंच होतं. मिसेस बाहेर आल्या, शीतलच्या गळ्यात पडल्या आणि ती लोणच्याची बरणी तिलाच देऊन गेल्या.

दोन्ही कुलपं अजून तशीच आहेत. लोणचं शीतल रोज डब्यात आणते. "घे की," म्हणते. मी घेत नाही.

*

आणि मग कोर्टानं कमिशनर पाठवल्या. कॉलनी प्रत्यक्षात कोण चालवतं ते बघून अहवाल द्यायला. वकीलबाई होत्या, उन्हाची टोपी घालून आल्या. सुभेदार साहेबांनी त्यांना पाण्याची टाकी दाखवली, तात्यांनी तीच टाकी दुसऱ्या बाजूनं दाखवली. दुपारपर्यंत बाई थकल्या. ऑफिसात बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, निकाल लागेपर्यंत चाव्या तिसऱ्या कुणाकडे तरी ठेवायची शिफारस मी करणार. दोघांना मान्य असेल असं एक नाव द्या. ऑफिसातलं चालेल."

जिचं नाव लागेल तिची नोकरी पक्की, हे उघड होतं. मी कपाटाची कड धरून उभी राहिले. पलीकडे शीतल नखं बघत होती.

साहेब आणि तात्या एकदमच बोलले.

साहेब म्हणाले, "शीतल."

तात्यांनी बोट केलं. माझ्याकडं! "ही पोरगी."

साहेब लाल झाले. "माझी मुलगी तुम्ही का सुचवता?"

"लई दिस बघतोय मी," तात्या म्हणाले. "इंग्लिशमदी कशी फाडफाड पत्रं लिहिती. कुलूप लावलं की तीनदा वढून बघती. तुमाला बरी असली मानसं गावत्यात! आमची कुलूप लावती अन् निगती."

"आणि तुमची? माझी फोन वाजला तरी उडते. तुमच्या शीतलवर छत कोसळलं तरी ती 'होल्ड करा' म्हणेल. असा माणूस तुमच्याकडे, आणि मी इथं..." साहेब म्हणाले.

शीतलनं नखांवरून नजर उचलली. तिचे कान लाल झाले होते. "इंग्लिशचं तुमी मला कधी बोलला न्हाईत," ती तात्यांना म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. रोज आरशात बघते!

बाईंनी पेनचं टोपण काढलं. "दोघींची नावं लिहिते. चाव्या दोघींकडे, टेबल एक. आजपासून बसा, कशी बसते घडी ते बघू द्या मला."

तात्यांच्या टेबलाला माझी खुर्ची लावली. पंखा नेमका कुणाच्या डोक्यावर येतो यावरून आम्ही दोघी न बोलता खुर्च्या थोड्या थोड्या सरकवत होतो. सुभेदार साहेब आणि तात्या बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. शेजारी शेजारी. किती महिन्यांनी, कोण जाणे. दोघंही दारातून आत बघत होते.

"बघा साहेब," तात्या म्हणाले, "कशा एका टेबलाला बसल्यात."

सुभेदार साहेबांनी मान डोलावली. "आपणही असेच बसलो होतो!"