सातांनी सातांना विचारू नये

"मॅडम, याच्या मागचा अर्थ सांगा," साहेब म्हणाले.

गाणं सहाव्यांदा ऐकून मी नुकताच कानातून इअरफोन काढला होता. ओळींचा सरळ अर्थ कागदावर लिहून दिला होता. त्याच्या मागचा काही मला सापडत नव्हता.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलपट्ट्यातलं एक पोलीस ठाणं. टेबलावर एक मोबाइल, त्यात मेमरी कार्ड आणि कार्डावर गोंडांच्या कचारगडच्या जत्रेत रेकॉर्ड केलेलं एक गोंडी गाणं. मोबाइल सुकराम मडावीचा. गाणारा आवाजही त्याचाच. पन्नाशीचा माणूस, मराठी जेमतेम, बाजारातून परतताना चेकिंगमध्ये सापडला आणि कालपासून चौकशीसाठी भिंतीजवळच्या बाकावर बसून होता. दाराशी शिपाई उईके उभा होता. साहेबांनी आधी त्यालाच गाणं ऐकवलं होतं. "मले गोंडी येत नाही, साहेब. घरी कोनी बोलत नाही," असं सांगून तो मोकळा झाला होता. म्हणून मला बोलावलं.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. कुडव्याच्या बौद्ध घरातली. पहिली नऊ वर्षं माझी पोस्टिंग डोंगराखालच्या एका शाळेत होती. पोरांना मराठी येत नव्हती, मग मीच पहिलीच्या पोरांकडून गोंडी शिकले. तेव्हापासून सरकारी कामात कुठे दुभाषी लागला की माझं नाव जायचं. दुभाषी म्हणजे ऐकलेलं दुसऱ्या भाषेत लिहायचं आणि खाली सही करायची. काम सोपं. पण या ठाण्याच्या फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना होता, 'गर्भितार्थ'. म्हणजे शब्दांच्या पोटात लपलेला अर्थ.

नेमकं हेच मला जमत नाही. शाळेत 'कवीला काय म्हणायचे आहे?' असा प्रश्न यायचा. कवी जे म्हणाला तेच मी लिहायची. पाचपैकी एक मार्क, तोही अक्षराचा. लग्नानंतर एकदा नणंद म्हणाली, "वहिनी, साखर लय महाग झाली का?" मी तिला किलोचा भाव सांगितला. चहा फिका झाला होता हे मला नवऱ्याने नंतर समजावलं.

गाणं असं होतं:

सात आले डोंगरावरून, सहा बसले मोहाखाली
सातांनी सातांना विचारू नये, सहांनी सहांना देऊ नये
पाच वाटेवर, चार पाण्यावर
ज्याचा त्याने आकडा लपवू नये

साहेब साताऱ्याकडचे. माणूस वाईट नव्हता. टेबलाच्या काचेखाली दोन मुलींचा फोटो होता. त्या वर्षी जंगलपट्ट्यातल्या प्रत्येक ठाण्यात नक्षल हल्ल्याची भीती होती, ती त्यांनाही होती.

"सात, सहा, पाच, चार. या टोळ्या आहेत मॅडम," ते म्हणाले. "सातांनी सातांना विचारू नये, म्हणजे आपसात ओळख द्यायची नाही. सहांनी सहांना देऊ नये, म्हणजे सामान आपल्याच टोळीत फिरवायचं नाही. बसतंय की नाही?"

बसत होतं, म्हणूनच मी घाबरले. साहेबांना पाचपैकी पाच मिळाले असते. मी एक मार्कवाली. मला दिसलं नाही म्हणून ते नाहीच, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

"उद्या अकराला कागद वर जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. तुमची सही लागेल. विचार करून लिहा."

परतीच्या बसमध्ये मी त्या शेवटच्या वाक्याचाच विचार करत होते. 'विचार करून लिहा' हा सल्ला होता की दम?

घरी पोचले तर अंगणात सुकरामची बायको बसलेली. मी पाणी दिलं. ती प्यायली, तांब्या पालथा ठेवला आणि म्हणाली, "बाई, मोहफूल पडून रायलं. वेचाले मानूस नाही." एवढंच बोलून शेवटची बस धरायला निघून गेली.

नवरा म्हणाला, "सोडव म्हणून सांगून गेली तुले."

"तसं नाही म्हणाली ती."

"तसं कोणी म्हणते का? अन् तिले आपलं घर कोणी दाखवलं, ते इचारलं का?"

ते मी विचारलं नव्हतं. 'अर्थ आहे' लिहिलं तर एक माणूस वर्षानुवर्षं आत, आणि त्याच्या लोकांना माझं घर माहीत. 'अर्थ नाही' लिहिलं आणि उद्या कुठे काही घडलं, तर सही माझी. नवऱ्याने दिवेलागणीलाच फाटकाला कुलूप घातलं.

सकाळच्या बसमध्ये कंडक्टरने एका बाईला तिच्या पोराचं वय विचारलं. "सात," ती म्हणाली. आणि मला जुन्या शाळेतलं गॅदरिंग आठवलं. चौथीच्या एका पोराला मी नवरदेव केलं होतं, एका पोरीला नवरी. दोघं उभीच राहीनात. "बाई, आमी दोघंही सात. जमत नाही." मी म्हटलं होतं, तुम्ही दोघंही नऊ वर्षांचे आहात. आणि वय चुकीचं सांगितलं म्हणून दोघांना पाढे लिहायला लावले होते. बाकी पोरं माझ्याकडे कसं बघत होती ते आता आठवलं. उरलेला रस्ता मी सीटचा दांडा घट्ट धरून बसले.

ठाण्यात पोचल्या पोचल्या म्हटलं, "साहेब, याला एक प्रश्न विचारू?" आणि सुकरामला गोंडीत विचारलं, "सात कोण?"

"मी."

"सहा?"

"माझ्या बायकोचं माहेर."

"तेही सात असतं तर?"

"तर ती माझी बहीण झाली असती, बाई."

मी साहेबांना सांगितलं. गोंडांची कुळं देवांच्या संख्येवर वाटलेली. कोणी सात देवांचे, कोणी सहा, कोणी पाच, चार. एकाच आकड्याचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. गाणं पोरगी विचारण्याचं आणि देण्याचं आहे.

साहेबांनी ऐकून घेतलं. "हे त्याने आत्ता रचलं नाही कशावरून?"

प्रश्न रास्त होता. घड्याळात साडेदहा झाले होते. मग माझी नजर दाराकडे गेली. उईके हे आडनावही गोंडांचंच.

"उईके, तुम्ही किती?"

त्याने साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सहा, मॅडम."

मग तोच म्हणाला, "लग्नाचंच गानं हाय, साहेब. माही आजी म्हने."

"तुला गोंडी येत नाही म्हणालास ना?"

"येते, साहेब."

"मग काल का नाही बोललास?"

उईके बाकाकडे बघत म्हणाला, "सुकरामच्या बाजूले अजून एकाले जागा होती, साहेब."

आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या बोलण्यातला अर्थ मला कोणी न समजावता कळला. बहुतेक साहेबांनाही कळला. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं: 'सोयरिकीचे गीत. गर्भितार्थ नाही.' सही वाकडी आली.

सुकराम दुपारी सुटला. निघताना साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार सरळ आहात." ही स्तुती होती की काय, मला आजही ठाऊक नाही. पुढचं वर्षभर मी रोज सकाळी पेपर भीतभीत उघडायची.

पावसाळ्याआधी सुकरामची बायको वाळलेल्या मोहफुलांची पिशवी घेऊन आली. घर कसं सापडलं, हे या वेळी मी विचारलं. कुडव्याच्या नाक्यावर 'मास्तरीणबाई' म्हटलं की कोणीही दाखवतं, ती म्हणाली. मग मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मोहफूल पडून रायलं होतं, बाई."

गाण्याचा अर्थ लागत नसेल तर ज्याचं गाणं आहे त्यालाच विचारावं, एवढं मी यातून शिकले. आणि विचारण्याआधी त्याला बाकावरून उठू द्यावं.