शास्त्र सांगणारी बाई

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मला बघून पुण्याची मंडळी परत गेली होती आणि आमचं सगळं घर त्यांच्या निरोपाकडे डोळे लावून बसलं होतं. मुलगा मला आवडला होता. उप्पिटाच्या बशीवरून तो सगळ्यांदेखत चक्क माझ्याशी बोलला होता, आणि एवढं मला पुरेसं होतं. अडचण एकच. ते घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचे. देव्हाऱ्यात भवानी असली तरी हेब्बाळच्या तळ्याकडच्या मारम्माला आई दर वर्षी कोंबडं देई. पाहुण्यांपुढे आम्ही हे अर्थातच गिळलं होतं.

आठवडा झाला नसेल तोच दारात एक मुलगी उभी. खांद्याला शबनम, हातात वही, आणि बोलणं अस्सल पुण्याचं. मानववंशशास्त्राचा अभ्यास करते म्हणाली. परमुलखात राहिलेल्या मराठी घरांतला देवधर्म कसा बदलतो, ते तिला लिहायचं होतं. बरोब्बर याच आठवड्यात? आमच्याच घरी? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हिला मुलाकडच्यांनीच पाठवलंय. मी आईला स्वयंपाकघरात ओढलं आणि बजावलं, "मारम्माचं नावसुद्धा काढायचं नाही."

आईनं किल्ला नेटानं लढवला. एकादशी? "करतो की." (जन्मात केली नव्हती.) मांसाहार? "छे गं बाई, वाससुद्धा सोसत नाही." मुलगी मान डोलावत लिहीत होती, पण कंटाळली होती, ते दिसत होतं. मला तो कंटाळाही सोंग वाटला. शेवटी वही मिटता मिटता तिनं दाराच्या चौकटीत खोचलेल्या कडुलिंबाकडे बोट केलं.

"हे कशासाठी, काकू?"

"शास्त्र सांगितलं, म्हणून लावलं."

"कुठल्या शास्त्रात आहे?"

"कुठल्या म्हणजे? मारम्माच्या गुडीपुढं बसती नव्हं, ती बाई सांगती."

इकडे कानडीत शास्त्र सांगणं म्हणजे भविष्य सांगणं, आणि ते आमच्या मराठीत कधीच मुरलं होतं. पुण्याच्या कानाला शास्त्र म्हणजे पोथी. मुलीचा गोंधळ दूर करायच्या भरात आईनं सगळंच सांगून टाकलं. गुडी, म्हणजे देऊळ, कुठं आहे ते. कोंबडं कसं देतात ते. लहानपणी मला कांजिण्या आल्या तेव्हा बोललेला नवस, आणि माझं हे लग्न जमावं म्हणून बोललेला ताजा नवस. मी दारातून डोळे वटारत होते, पण आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

मुलगी एकदम खुलली. माणसं गाव सोडताना आपले देव बरोबर नेतात, म्हणाली, पण नव्या गावात नवी भीती भेटते. तिथल्या देवाला ती भीती आधीपासून ठाऊक असते, म्हणून मग त्यालाही घरात घेतात. "देव खरा की खोटा, ते आम्ही ठरवत नाही. माणसं कशाला भितात, आणि ती भीती कुणाबरोबर वाटून घेतात, ते बघतो."

ऐकायला छान होतं, म्हणूनच माझा संशय आणखी वाढला. "हे सगळं तुम्ही दाखवणार कुणाला?" मी विचारलं.

"माझ्या मॅडमना," ती हसून म्हणाली.

मॅडम! मी मनात म्हटलं, सासू म्हण की सरळ.

तीन दिवस मी धुमसत होते. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून पुण्याला फोन लावला. त्यानंच उचलला. "आमच्याकडे हेर कशाला पाठवला?" मी सुरूच झाले. "मला विचारायचं होतं. हो, देतो आम्ही मारम्माला कोंबडं. आणि खातोही!"

तो गोंधळून म्हणाला, "कसला हेर? कसलं कोंबडं?"

त्याच्यामागून त्याच्या आईचा आवाज आला, "कोण रे? कोण कोंबडं खातं?"

मी फोन ठेवला. ती मुलगी खरंच अभ्यास करणारी होती, हे तिथं त्या काचेच्या खोक्यात उभं राहून मला कळलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. योग दिसत नाही, एवढंच. मी न्हाणीघरात जाऊन रडले. बाहेर आले तर आई पत्र मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती.

"आपण मारम्माला लपवलं गं," ती म्हणाली. "ती पोरगी विचारत होती तेव्हा मी आधी नाही नाही म्हटलं. देवीला लागलं ते."

लपवायला मी लावलं होतं, हेही ती विसरली होती. मी आठवण करून दिली नाही. माझ्या तोंडानं केलेला घोटाळा आई उचलून स्वतःच्या माथी घेत होती, आणि मला लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

मंगळवारी आई कोंबडं घेऊन गेली. मीही गेले. ती देवीपुढं नाक घासत होती, पुन्हा पुन्हा, कपाळाला माती लागेपर्यंत, आणि मी शेजारी हात जोडून उभी होते. फोनचं मी तिला तेव्हा सांगितलं नाही, पुढेही कधी नाही. लेकीचं लग्न आपल्या खोटेपणानं मोडलं, असं समजूनच ती हे जग सोडून गेली.