मोरांची कमान आणि सुभेदारांचा फेटा

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. पुढे जे घडलं त्यात दोष द्यायला मला दुसरं कोणी सापडलेलं नाही, म्हणून ही माहिती आधीच देऊन टाकतो.

आमचं घर कडेगावात. सांगलीला मेहुणीच्या हॉलमध्ये, जेवणाच्या खोलीकडे जाणाऱ्या दारात पीओपीची कमान पाहिल्यापासून बायकोला आमचं दार उघडंबोडकं वाटायला लागलं होतं.

"तिच्या कमानीला नुसती वेलबुट्टी हाय," ती म्हणाली. "आपल्याला मोर पायजेत. दोन."

आमच्या शुभांगीला साताऱ्याकडच्या मुलानं पसंत केलं होतं आणि तिनं त्याला. पंधरा दिवसांनी त्याच्या घरची मंडळी सुपारी फोडून लग्न पक्कं करायला येणार होती. त्यांच्या आधी मोर आले पाहिजेत, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं (ते एक मत माझं नव्हतं).

जतचा बसाप्पा मिस्त्री आला. दाराकडे बघत त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं.

"गुरुजी, मोर थोरलं केलं तर कमान लय खाली येतीय. कमान वर ठेवली तर मोर कोंबडीएवढं हुत्यात. काय करू?"

मी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली आहे. मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मी दारात ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या डोक्यावर सहा बोटं सोडा आणि द्या ठोकून."

"आवं पर पाव्हणं आलं तर..."

"बसाप्पा, माप मला शिकवू नका."

बसाप्पानं हात जोडले आणि कामाला लागला. चौथ्या दिवशी कमान उभी राहिली. दोन्ही बाजूंना एकेक मोर, दोघांच्या चोची खाली झुकलेल्या. "हत्ती धडाकला तरी हालायची न्हाई," असं सांगून तो गेला. बायको पाच फुटांना दोन बोटं कमी, मुलगी आईवर गेलेली. आम्ही तिघांनीही त्या कमानीखालून दहा-अकरा दिवस सुखानं ये-जा केली आणि कुणालाही काही खटकलं नाही.

ठरल्या दिवशी दारात जीप थांबली. मुलाच्या घरात तीन पिढ्या फौजेत. आधी मुलगा उतरला, मग चुलते, मग वडील, शेवटी निवृत्त सुभेदार आजोबा. एकेक जण उभा राहील तशी माझी मान वर वर जात होती. तरीही कमान मला आठवली नाही. मी आपला स्वागतात दंग.

पाहुण्यांचा मान म्हणून मी फेटे आणून ठेवले होते. साधेसुधे नव्हेत, वीतभर तुऱ्याचे! सगळे बसलेले असताना मीच हौसेनं बांधले. बसलेल्या माणसाची उंची कळत नाही, हे भूमितीच्या पुस्तकात कुठंही दिलेलं नाही.

"चला, पानं वाढलीत," मी म्हणालो.

आधी चुलते निघाले. "मोर झ्याक हायेत गुरुजी," असं म्हणत म्हणत त्यांनी कमानीला कपाळ दिलं. फेटा मागच्या मागे माझ्या हातात. सगळे हसले. मीही हसलो. मग वडील वाकून निघाले, पण ते वाकले डोक्यापुरते. तुऱ्याचा हिशेब राहिला. ते आत गेले आणि त्यांचा फेटा डाव्या मोराच्या चोचीला लोंबकळत राहिला. या वेळी कुणी हसलं नाही. सुपारीच्या दिवशी, ज्यानं फेटा बांधला त्याच्याच दारात तो पडावा, हे आमच्या भागात हसण्यावारी नेत नाहीत.

आजोबा कमानीपुढे थांबले.

"गुरुजी, ही कुणाच्या मापानं केलीसा?"

"माझ्याच."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"फेटा बांधल्यावर मान खाली घालायची आमची रीत न्हाई," ते म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. आतही जाईनात, बसेनातही. ताटातली सुपारी तशीच. कमानीपलीकडे शुभांगी तुपाचं भांडं घेऊन उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मोरांच्या हौसेपायी मी पोरीचं लग्न मोडत होतो.

मी हातोडा आणला, स्टुलावर चढलो (स्टुलावरही मी आजोबांपेक्षा फारसा उंच नव्हतो) आणि घाव घातला. कमान हलली नाही. बसाप्पा खरं बोलला होता. दुसऱ्या घावाला उजव्या मोराची चोच तेवढी उडाली आणि सुपारीच्या ताटात जाऊन पडली. आजोबांचा फेटा, मिशा, खांदे सगळं पांढरंफेक.

"आवं, खाली उतरा की," बायको कळवळून म्हणाली.

तेवढ्यात शुभांगी हळूच म्हणाली, "आजोबा, फेटा माझ्याकडं द्या. मी नीट सांभाळते. जेवण झालं की माझ्या हातानं देते."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी फेटा उतरवला, झटकला आणि कमानीतून तिच्या हातात दिला.

"पडला असता तर परत गेलो असतो," ते मला म्हणाले. "पर घरच्या पोरीनं मागितला, तर द्याया नको व्हय?"

आणि ते वाकून आत गेले. मी स्टुलावरच बसून रडलो. भुकटी डोळ्यांत गेली, असं सगळ्यांना सांगितलं. कुणालाही पटलं नाही.

सुपारी फुटली, लग्न झालं. कमान मात्र बायकोनं फोडू दिली नाही. म्हणे, तिच्यामुळंच सोयरे घरचे झाले. आता सगळं व्याहीमंडळ आमच्या जेवणाच्या खोलीत वाकून येतं. त्या दारातून ताठ मानेनं जाणारा पुरुष मी एकटाच उरलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही वाटायला लागला होता.

परवा बायकोनं तुटक्या चोचीचा मोर झाकायला कमानीभर मण्यांचं तोरण लावलं. माझ्या डोक्यावर मोकळी जागा सहा बोटं. तोरण चांगलं वीतभर आहे.