साहेब भिवापुरात आहेत

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंमुळे कंपनीची माहिती चोरांच्या हाती गेली, असं सगळे मानतात. चूक माझी होती.

लकडगंजातल्या आमच्या मसाल्याच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे. सोशल मीडियावर काय टाकू नये, याचं ट्रेनिंगही मीच देतो. साहेबांच्या नावाने अनोळखी नंबरवरून मेसेज आला तर आधी फोन करा; नाही लागला तर त्यांनाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा, हे माझं ठेवणीतलं वाक्य.

त्या दिवशी साहेबांनी मला मिरची बघायला भिवापूरला सोबत नेलं. गाडीत शेजारी बसवलं, त्याचंच मला केवढं अप्रूप! लाल ढिगापुढे दोघांचा फोटो काढून मी फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, 'साहेबांसोबत भिवापूर. आता शेतांकडे, तिकडे रेंज नसते.'

थोड्याच वेळात हिशेब बघणाऱ्या बाईंना अनोळखी नंबरवरून साहेबांच्या नावाने मेसेज आला, कंपनीच्या हिशेबाचा पासवर्ड हवाय. त्यांनी साहेबांना फोन लावला. लागेना. मग ऑफिसातल्यांनाच ठाऊक असलेलं विचारलं, 'सर, आज कुठे आहात?' उत्तर आलं, 'भिवापूर. मिरची बघतोय.' बाईंनी पासवर्ड दिला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, तुम्ही शिकवलं तसंच केलं नं मी. पण साहेब भिवापुरात हायेत हे त्याले कसं काय माहीत?"

"काढतात हे लोक कुठून तरी," मी म्हणालो. फोटो तोवर मी फेसबुकवरून काढून टाकला होता. साहेब फेसबुक बघत नाहीत. ज्यांनी बघितला, त्यांनी दोन गोष्टी जोडल्या नाहीत.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पुढच्या ट्रेनिंगला उदाहरण म्हणून मी बाईंचाच किस्सा सांगितला. नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. मागून कोणीतरी ओरडलं, "माह्या खात्याचाबी पासवर्ड सांगून दे वं ताई कोणाले, रिकामंच हाय!" हॉल हसला. मीही हसलो. बाई पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या.

त्यांना हिशेबावरून काढून गोदामात पॅकिंगवर बसवलं. अजून तिथेच आहेत. दिसलो की विचारतात, "चहा झाला का भाऊ?"

त्याच हॉलमध्ये, साहेबांसमोर, 'तो फोटो मी टाकला होता' एवढं एक वाक्य मी बाईंना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.