दस्तगीर आणि घाटातली सकाळची गाडी

दस्तगीर गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. त्याच्या मुलीचं, शमीमचं, पोस्टकार्ड आलं. अब्बा शुक्रवारी गेले, फार त्रास झाला नाही, तुम्हाला कळवायला त्यांनी सांगून ठेवलं होतं... एवढंच. मी कार्ड पालथं ठेवलं. त्याच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं त्याच दिवशी मनात आलं, पण त्याच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि ते मी आयुष्यभर टाळत आलो होतो. त्यात सहा आठवडे गेले.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी येडशीच्या शाळेत मास्तर होतो आणि दस्तगीरचं धाराशिवात फोटोचं दुकान होतं. नोकरीच्या कागदांसाठी फोटो काढायला गेलो, तिथं ओळख झाली. नवराबायकोच्या जोड्या, खुर्चीत ताठ बसवलेले म्हातारे, कधी मयताचा फोटो, यावर त्याचं घर चालायचं. पण त्याचा जीव होता बार्शीकडून घाट चढून येणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीवर. महिन्यातून एकदा तो संध्याकाळी सायकलवर लाकडी कॅमेरा आणि तिपाई बांधून माझ्या खोलीवर मुक्कामाला यायचा आणि पहाटे आम्ही दोघं घाटात जायचो. दगडी पुलाच्या पलीकडं एक वळण होतं. तिथं चढ इतका की माणूस गाडीच्या बरोबरीनं चालू शकेल. "हितंच ती सापडंल," तो म्हणायचा. "पुढं पळाली की प्लेटीवर नुसता धूर ऱ्हातो." फोटो ज्यांवर उमटायचा त्या काचेच्या चारच प्लेटा तो आणायचा. गाडीची वेळ आणि उन्हाची वेळ जुळायची ती दहा खेपांत एखाद्या वेळी. बाकीच्या वेळी गाडी उशिरा यायची, ऊन पांढरं पडलेलं असायचं, आणि तो एकही प्लेट न वापरता मुकाट्यानं तिपाई मिटायचा. मी चिडायचो. तो कधीच चिडला नाही.

थंडीतल्या एका सकाळी मात्र सगळं जुळलं. गाडी पुलावर आली, समोरून सूर्य वर आला, आणि वाफेचा सगळा लोट आतून पेटल्यासारखा झाला. दस्तगीर काळ्या फडक्यातून बाहेर आला आणि डोळे पुसत मटकन खाली बसला. त्या फोटोत सगळं होतं. पूल, त्याचे खांब, खालचा ओढा, ओढ्यातून वर येणारी पायवाट, पहारेकऱ्याची झोपडी, आणि या सगळ्यावरून सूर्याकडं निघालेली ती एवढीशी गाडी.

याच काळात मी चोरून निरोप्याचं काम करत होतो. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. तिथं निजामाविरुद्ध लढणाऱ्या आमच्या लोकांचा तळ होता. दस्तगीरला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तळावरच्या एकानं विचारलं, घाटातला पूल कसा आहे, पहारा कुठं असतो, चढायला वाट आहे का? माझ्या डोळ्यांसमोर तो फोटो आला. मी धाराशिवला गेलो आणि दस्तगीरला म्हणालो, "तो पुलावरचा फोटो दे. शाळेत लावीन म्हणतो." त्याला इतका आनंद झाला! त्यानं नवी प्रत काढली, पाठीमागं दुकानाचा शिक्का मारला, खाली सही केली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं दिली. म्हणाला, "पोरांना दिसंल आसा लावा मास्तर. लई वर नगा लावू."

तो शिक्का मी खरवडला नाही. आज कारण शोधतो तर एकच सापडतं. माझ्या मनातच आलं नाही.

माझ्याकडून फोटो घेऊन बार्शीला निघालेला माणूस हद्दीवर पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी निजामाच्या पोलिसांनी दस्तगीरला दुकानातून उचललं. मला बातमी लागली तसा मी डोंगरातून चालत बार्शी गाठली. त्याला अकरा दिवस ठेवलं होतं. त्याच्या साऱ्या प्लेटा त्याच्यासमोर एकेक करून फोडल्या आणि मग उजवा हात मोडला, खांद्यापासून. त्यांना एकच नाव हवं होतं, फोटो कुणाला दिला? "बाजारच्या दिवशी कुणीतरी घेतला, वळख न्हाय," एवढंच तो सांगत राहिला. ते अकरा दिवस मी तळावर दोन वेळा जेवत होतो.

पुढं हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. मी धाराशिवला परतलो तेव्हा माझ्या गळ्यात हार घातले गेले. त्याच आठवड्यात जमावानं दस्तगीरचं दुकान जाळलं. आता त्याचं नावच पुरेसं होतं. गाव सोडून पळताना त्याचा थोरला भाऊ वाटेतच मारला गेला. दुकान पेटलं तेव्हा मी चौकात उभा होतो. शेजारचा म्हणाला, "मास्तर, तुमी मधी पडू नका." दस्तगीरनं माझं नाव सांगितलं नाही म्हणून मी उभा आहे, एवढं ओरडलो असतो तर चार माणसं तरी थांबली असती... मी ओरडलो नाही.

दस्तगीर लोहाऱ्याला बहिणीकडं लपला होता, म्हणून वाचला. महिन्याभरानं मी त्याला भेटायला गेलो. हात गळ्यात बांधलेला. बहिणीनं चहा आणून ठेवला. मग त्यानं विचारलं, "शाळेत लावला व्हता का मास्तर?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मला वाटलंच." आणि चहाची बशी त्यानं डाव्या हातानं माझ्याकडं सरकवली. "प्या. गार व्हतोय."

यावर तो पुन्हा कधी बोलला नाही. उजवा हात कमरेच्या वर उचलत नव्हता, तरी पुढं त्यानं लहानसं दुकान थाटलं. लग्नं, शाळेचे गट, सरकारी कागदांचे फोटो, सगळं केलं. गाडीचा मात्र एकही फोटो काढला नाही. मी दरवर्षी सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, भाषणं केली. त्यात "एका स्थानिक छायाचित्रकाराचं सहकार्य" असं एक वाक्य असायचं. एकदा तो शेवटच्या रांगेत बसलेला दिसला. ते वाक्य मी त्या दिवशी गाळलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो आणि शमीमला सगळं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "हात त्यापायी गेला व्हय, चाचा? आमाला तर चिंचंवरनं पडलो म्हणून सांगायचे." मी मान डोलावली. तशी ती म्हणाली, "पेपरात लिवणार असाल तर त्यांचं नाव लिवा. पुरं लिवा." म्हणून लिहितो. दस्तगीर अमीनसाब, फोटोग्राफर, धाराशिव.

निघताना तिनं जिन्याखालची अंधारी खोली उघडून दाखवली. फोटो धुवायची. औषधाचा वास अजून होता. पालथे घातलेले तामचिनीचे ट्रे, आणि फोटो वाळवायची दोरी, तिला लाकडी चिमटे. खोली चांगली उंच, पण दोरी माझ्या पोटाला लागत होती. एवढी खाली का बांधली, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात शमीमनं एक चिमटा सरळ केला, न बघता, डाव्या हातानं. तिला काम त्यानंच शिकवलं होतं.