ज्याचा घोडा, त्याने कान पकडावे

मी म्हशी राखल्या, बैल राखले, नवरा राखला. शर्यतीचा घोडा तेवढा राहिला होता, तो गेल्या पौषात आला.

मालवाहू टेम्पोतून तो आमच्या अंगणात उतरला, तेव्हा मी तांदूळ पाखडत होते. सूप हातातून पडलं. एवढा उंच प्राणी! गोठ्याच्या दारात त्याची मानच अडकली. शेवटी दाराची वरची फळी काढली. (आमची म्हैस आठ वर्षं त्याच दारात शिंगं आपटते. तिच्यासाठी कोणी एक खिळा काढला नव्हता.)

"काहो, हे काय आनलं?" मी आमच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"रेसचा घोडा होय. शहरात लय रेसा जिंकला. आता वय झालं म्हनून सोडला त्याले."

"वय झालं म्हनून सोडते का कोनी? मंग तुमाले काऊन ठेवून राहिलो आमी?"

"आपला नाही वं तो! सुखरामचा होय, अन् तुह्या भावाचा. आपल्याकडे नुसती पाळी."

पाळी मला कळते. अर्जुनी मोरगावच्या या भागात इटियाडोहाच्या कालव्याचं पाणी पाळीनेच मिळतं. तुमचा दिवस आला की तुमच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, पाणी, दिवस संपला की पुढच्याच्या. या शहाण्यांनी घोडाही तसाच वाटला होता. आठ दिवस आमच्याकडे, आठ दिवस ट्रॅक्टरवाल्या सुखरामकडे, आठ दिवस माझ्या धाकट्या भावाकडे, भाऊरावकडे.

रात्रीच्या जेवणाला म्हाताऱ्याने मला मालकीचे प्रकार समजावले. "घोडा पुरा घेता येते, हिश्शात घेता येते, ठेक्यानं घेता येते, नाहीतं बटईनं घेता येते. शेतीसारखंच होय सारं."

"बटईत आपल्या वाट्याले काय येते? लीद?"

"तुले कायले पाहिजे इतकी चौकशी?"

"अन् आपला प्रकार कोनता?"

"राखनीचा," असं म्हणून तो पटकन हात धुवायला उठला. ताटात भात तसाच होता! भात टाकून उठणारा माणूस नाही हा. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

पण मला कसला संशय? मी चौथी पास आहे. कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, हे मी गावात इतक्यांना ऐकवलं आहे की बायका मला पाहून रस्ता बदलतात. (एकदाच तेवढी केली. पऱ्ह्यांच्या बांधीत घोट्याएवढ्या चिखलात उभी होते, चष्मा घरी होता. म्हातारा म्हणाला, धानविक्रीच्या नोंदणीचा कागद आहे, घाई आहे. त्यालाच वाकवला, त्याच्या पाठीवर कागद ठेवला आणि सही ठोकली.)

हे पऱ्हे म्हणजे उन्हाळी धानाची रोपं. एका लहान बांधीत दाट वाढवायची आणि मग उपटून सगळ्या शेतात रोवायची. ती गेली तर दुसऱ्यांदा बी टाकून उपयोग नाही. रोप हाती येईस्तोवर पाण्याची पाळी निघून जाते आणि शेत पडीक राहतं. त्या हिवाळ्यात आमचं वर्षाचं पोट त्या एका बांधीत उभं होतं. मी रोज सकाळी पाहून येत होते. लेकरांनाही मी इतकं पाहिलं नव्हतं.

घोड्याने पहिल्या दिवशी तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ती ताटात वाढली होती. (वाढली मीच होती.) मग त्याला भिजवलेले चणे. मग गूळ. मग थंडी वाजते म्हणून माझी गोधडी!

"ते माही गोधडी होय!"

"अवं, पटात पळाचं हाय त्याले."

पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. धान कापून झालं की गावोगाव भरते. आमच्या गावच्या पटात या वर्षी बैल संपले की घोड्याची एक फेरी ठेवायची, असं तिघांनी ठरवलं. वर बसणार भाऊराव. घोड्याचा त्याचा अनुभव म्हणजे स्वतःच्या लग्नातली वरात. तीही भाड्याच्या घोडीवर, आणि घोडीला दोघांनी धरलं होतं!

पटाला आठ गावं लोटली. माइकवाला ओरडत होता, "आ रहा है शहर का बादशाह! दिल थाम के बैठो, मंडळी!" झेंडी पडली. घोडा जागेवर. पुन्हा झेंडी पडली. घोड्याने तपकिरी धुळीची पट्टी पाहिली आणि तोंड फिरवलं.

तो बिचारा जन्मभर हिरव्या गवतावर पळालेला. हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आणि पौषात आमच्या शिवारात, धान कापलेल्या त्या भकास बांध्यांमध्ये, हिरवा तुकडा एकच होता.

माझा!

त्याला तो दिसला. त्याने कान उभे केले आणि सुटला. माणसं बाजूला, चहाचं दुकान आडवं, बांधांवरून टप टप उड्या! भाऊराव मानेला मिठी मारून बोंबलत होता, "बाई वो! बाई! वाचव मले!" आणि घोडा माझ्या पऱ्ह्यांत शिरून गोल धावायला लागला. एक फेरी. दोन फेऱ्या. तिसरीला भाऊराव चिखलात पडला. चौथी घोड्याने एकट्याने, हौसेने पूर्ण केली. मग थांबला आणि जे उरलं होतं ते खाल्लं.

मी चालत गेले आणि माइकवाल्याच्या हातातून माइक ओढला.

"ऐका सारे! हा घोडा ज्याच्या नावावर असंल, तो मानूस बिनडोक होय! त्यानं माहे पऱ्हे भरून द्यावे, अन् इथंच, साऱ्या गावापुढं कान पकडावे! कोन होय तो? सुखराम, सांग!"

सुखराम जमिनीकडे पाहू लागला. म्हातारा आभाळाकडे.

"जाऊ दे ना, बाई," चिखलाने माखलेला भाऊराव म्हणाला.

"काऊन जाऊ देऊ? कागद आना!"

कागद सुखरामच्या खिशातच होता. माइकवाल्याने खणखणीत आवाजात वाचला, "घोडा एक, रंग तांबडा, मालक... देवकाबाई." तो थांबला. "खाली सही आहे. सहीवर चिखलाचं बोट पण आहे."

देवकाबाई मीच.

"आमचा तिघांचा एकमेकावर भरोसा नव्हता, बाई," भाऊराव हळूच म्हणाला. पण माइक माझ्या हातात चालूच होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "तुह्यावर हाय. तू खोटं बोलत नाहीस, बोललेलं फिरवत नाहीस."

आता हे ऐकल्यावर बोललेलं फिरवायचं कसं? मी माइक खाली ठेवला आणि कान पकडले. दोन्ही! शिट्ट्या वाजल्या.

पऱ्हे मात्र मी सोडले नाहीत. तिघांना घरोघर पाठवलं. ज्याच्याकडे रोप उरलं त्याच्याकडून दोन दोन पेंड्या मागून आणायला लावल्या आणि रोवणीही त्यांच्याकडूनच करून घेतली. पाळी निघायच्या आदल्या दिवशी शेवटची बांधी झाली.

आमच्याकडे शेत म्हाताऱ्याच्या नावावर आहे, घर मुलाच्या, गॅस सुनेच्या. साऱ्या जन्मात माझ्या नावावर एकच वस्तू झाली, आणि ती झाल्याबद्दल मी आठ गावांपुढे स्वतःचेच कान पकडले.